पहिला टेंट घेताना : सह्याद्रीत मुक्काम करणाऱ्यांसाठी

पावसाळा सरत आला की ट्रेकिंगच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो : "टेंट घ्यायचाय, कुठला घेऊ?" कुणीतरी एखादी लिंक टाकतं, विचारणारा ती उघडून आधी किंमत बघतो, मग 'किती माणसांचा' ते बघतो आणि मागवून मोकळा होतो. माझं म्हणणं असं की या दोन्ही गोष्टी नंतर बघायच्या आहेत. आपल्याकडे टेंटचा कस लागतो तो तीन ठिकाणी : खाली कातळ, पहाटे दव आणि कड्यावरून येणारा आडवा वारा. या तिघांना पुरून उरेल असा टेंट कसा निवडायचा, ते क्रमाने सांगतो.

१. मुक्काम कुठे करणार, ते आधी ठरवा

आपल्याकडे टेंट लागतो तो ढोबळमानाने तीन प्रकारच्या जागी. पहिली, जिथपर्यंत गाडी जाते ती, म्हणजे पवना किंवा भंडारदऱ्याच्या धरणाचा काठ. दुसरी, पाठीवर ओझं घेऊन चढून जायचं ती : हरिश्चंद्रगडाचं पठार, साम्रदजवळचा सांदण दरीचा परिसर, कुठलीतरी माची. तिसरी कोकणातला किनारा. गाडीने जाणार असाल तर वजन दुय्यम, ऐसपैस जागा महत्त्वाची. चढून जाणार असाल तर दर अर्धा किलो जाणवतो. किनाऱ्यावर वाळू आणि वारा सांभाळावा लागतो. पहिल्या वर्षी तुम्ही यातलं नक्की काय करणार, याचं खरं उत्तर स्वतःला द्या. 'पुढे कधीतरी हिमालयात जाईन' म्हणून जाड, महागडा टेंट घेऊ नका. हिमालयातल्या बहुतेक संघटित ट्रेकना टेंट आयोजकच देतात. बर्फासाठी बनवलेला 'फोर सीझन' टेंट आपल्याकडच्या हवेत आत गुदमरवतो. 'थ्री सीझन', म्हणजे बर्फाचा मोसम सोडून बाकीच्या ऋतूंसाठीचा, पुरेसा आहे.

दुसरी गोष्ट परवानगीची. अनेक संरक्षित किल्ल्यांवर रात्री थांबायला मनाई आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे अभयारण्य आहे, तिथे वनखात्याचे नियम लागू होतात आणि ते बदलतही असतात. धरणाकाठची मोकळी दिसणारी जमीन बऱ्याचदा कुणाचं तरी शेत असतं. पायथ्याच्या गावात किंवा चौकीवर विचारूनच टेंट ठोका.

आणि जून ते सप्टेंबर घाटमाथ्यावर टेंटमध्ये राहायचा विचार नवख्याने करूच नये. ताम्हिणी, आंबोली या पट्ट्यात पाऊस दिवसचे दिवस उसंत घेत नाही, आणि तो सरळ पडतच नाही. पावसाळ्यात गावातल्या एखाद्या घराची पडवी मागावी, जेवणाचे-राहण्याचे पैसे त्या घराला द्यावेत आणि कोरड्या अंगाने झोपावं.

२. विकत घेण्याआधी एकदा भाड्याने आणा

पुण्या-मुंबईत ट्रेकिंगचं सामान भाड्याने देणारी दुकानं आहेत. एका शनिवार-रविवारसाठी टेंट आणा, लावा, त्यात झोपा. आपल्याला आत बसल्यावर छत डोक्याला लागतं का, जमिनीवर झोप येते का, हे एका रात्रीत कळतं. वर्षातून एकदाच जाणार असाल तर भाड्यानेच चालू ठेवा, विकत घेऊन माळ्यावर ठेवण्यात अर्थ नाही.

३. 'दोन माणसांचा' म्हणजे नक्की किती

कंपनी टेंटवर माणसांचा जो आकडा लिहिते, तो खांद्याला खांदा लावून, सामान बाहेर ठेवून झोपण्याचा असतो. झोपायची साधी मॅट ५० ते ६० सेंटिमीटर रुंद असते. दोन मॅट शेजारी टाकल्या की १०० ते १२० झाले. दोन माणसांच्या टेंटचा तळ साधारण १२० ते १४० सेंटिमीटर रुंद असतो, म्हणजे सॅक ठेवायला जागाच उरत नाही. म्हणून सरळ हिशेब असा : लिहिलेल्या आकड्यातून एक वजा करा. दोघांसाठी तीनचा, दोन मोठी माणसं आणि एका लेकरासाठी चारचा.

लांबीकडे मात्र कुणाचंच लक्ष जात नाही. तळ २०० सेंटिमीटर लिहिलेला असतो, पण भिंती तिरक्या असतात. साडेपाच फुटांपेक्षा उंच माणूस झोपला की डोकं आणि पाय दोन्हीकडे कापडाला टेकू शकतात, आणि जिथे टेकलं तिथे पहाटे ओल येते. उंच असाल तर २१० किंवा जास्त लांबी शोधा आणि जमलं तर दुकानात आत झोपून बघा. डेकॅथलॉनच्या मोठ्या दुकानांत टेंट उभे करून ठेवलेले असतात. बूट काढायचे आणि आडवं व्हायचं, लाजायचं नाही.

मोठा टेंट घेऊन सगळे एकात झोपू, असं गटांना वाटतं. सहा-आठ माणसांचा उंच टेंट धरणाकाठी ठीक आहे. पठारावर तो वारा भरून घेतो, शिवाय त्याला लागेल एवढी सपाट जागा तिथे सापडत नाही. तिथे दोन लहान टेंट केव्हाही बरे.

४. दुहेरीच घ्या

सगळ्या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

डिसेंबरात भंडारदऱ्याच्या काठी पहाटे एकपदरी टेंटच्या छताला आतून हात लावून बघा. पाऊस नसतो, तरी तळवा ओला होतो. झोपलेल्या माणसांच्या श्वासातली वाफ गार पडलेल्या कापडाला लागते आणि तिचं पाणी होतं. त्यात धरणावरून येणारी दमट हवा असतेच. हे थेंब आधी जागच्या जागी थरथरत राहतात, मग कुणाचातरी कोपर लागतो आणि ते ओघळून स्लीपिंग बॅगवर उतरतात. सकाळी माणूस म्हणतो, "टेंट गळतो." टेंट गळत नसतो, त्याला श्वास घ्यायला वाट नसते.

दुहेरी टेंटमध्ये आत जाळीचा किंवा पातळ कापडाचा 'इनर' असतो आणि वरून पाणी अडवणारा 'फ्लाय' येतो. वाफ जाळीतून बाहेर पडते, फ्लायला आतल्या बाजूने चिकटते आणि त्याच्यावरूनच जमिनीवर उतरते. आतली माणसं कोरडी राहतात. हे घडायचं तर दोन पदरांमध्ये निदान चार बोटं अंतर हवं, फ्लाय ताणलेला हवा आणि वरचा झरोका उघडा हवा. थंडी वाजते म्हणून झरोका आणि सगळ्या चेन बंद करून झोपलात, तर दुहेरी टेंटमध्येही पाणी जमेल. एक जास्तीचा स्वेटर घाला, पण झरोका उघडा ठेवा.

'दुहेरी' लिहिलेल्या सगळ्याच टेंटचा फ्लाय सारखा नसतो. स्वस्त टेंटना वर नुसती टोपी बसवलेली असते, बाजूच्या भिंती उघड्याच. सरळ पडणाऱ्या पावसात ती टोपी चालेल. कड्यावरून वर येणाऱ्या वाऱ्यात पाऊस आडवा येतो आणि थेट भिंतीतून आत शिरतो. फ्लाय चारी बाजूंनी खाली उतरून जमिनीपासून वीतभर अंतरावर थांबलेला हवा. दारापुढे त्याचं थोडं छप्पर आलं, तर बूट आणि सॅक तिथे राहतात. त्याला बरेच जण व्हरांडा म्हणतात, दुकानात 'व्हेस्टिब्यूल' ऐकाल. मला विचाराल तर दोन माणसांच्या टेंटला दोन दारं आणि दोन व्हरांडे असण्यासारखं सुख नाही, कारण रात्री उठताना शेजाऱ्याला ओलांडावं लागत नाही.

इनर पूर्ण जाळीचा असावा की कापडाचा? किनारा आणि ऑक्टोबर-मार्चच्या सखल भागासाठी जाळी उत्तम. थंडीत उघड्या पठारावर जाणारे खाली कापड आणि वर जाळी असा घेऊ शकतात, म्हणजे झोपल्यावर अंगावरून वारा जात नाही. काहीही घ्या, जाळीला भोक आणि चेनला फट नसावी. डास आहेतच, पण आपल्या माळरानावर विंचू आणि फुरसंही असतं. इनरची चेन दिवसाही बंद ठेवायची सवय लावा.

५. लेबलावरचे आकडे वाचायला शिका

'वॉटर कॉलम १५०० मिमी' असं लिहिलेलं असतं. कापडावर नळी उभी धरून तीत पाणी भरत गेलं, तर दीड मीटर उंचीपर्यंत ते कापड पाणी अडवतं, असा त्याचा अर्थ. आपल्या हिवाळ्यातल्या दवाला आणि अवकाळी सरीला फ्लाय १५०० ते २००० मिमीचा पुरतो, वळवाच्या पावसाची शक्यता असेल तर ३०००च्या आसपास बघा. तळाला जास्त लागतं, कारण ओल्या जमिनीवर गुडघा टेकला की सगळा भार तेवढ्याच जागेवर येतो आणि पाणी वर दाबलं जातं. तळ ३००० किंवा पुढचा असावा आणि तो परातीच्या काठासारखा चहूबाजूंनी चार बोटं वर चढलेला असावा. शिवण जमिनीला टेकलेली असेल, तर आकडा कितीही मोठा असो, पाणी शिवणीतून आत येतं.

'डी' म्हणजे डेनिअर, ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा तितका धागा जाड, टेंट मजबूत आणि जड. 'टी' म्हणजे विणीत एका चौरस इंचात किती धागे बसवलेत ते, उदाहरणार्थ १९० टी किंवा २१० टी. 'रिपस्टॉप' म्हणजे कापडात बारीक चौकड्या, ज्यामुळे फाटलेली जागा पुढे पसरत नाही. पहिल्या टेंटला पॉलिएस्टरचा फ्लाय घ्या. नायलॉन हलकं असतं, पण ओलं झालं की सैल पडतं, आणि उन्हातही पॉलिएस्टर जास्त टिकतं.

६. काठ्या आणि आकार

पठारावर चार बोटं मातीखाली कातळ लागतो. खुंटी वाकते, आत जात नाही. म्हणून आपल्याकडे घुमटाचा, म्हणजे डोम टेंट घ्यावा : दोन काठ्या एकमेकींना छेदून जातात आणि टेंट खुंटीशिवाय उभा राहतो. लांबट बोगद्यासारखे टनेल टेंट आतून ऐसपैस असतात, पण ते खुंट्या आणि दोऱ्यांच्या ताणावरच उभे असतात. ते मऊ मातीच्या जागेसाठी ठेवा.

डोम स्वतः उभा राहतो म्हणून तो बांधायचा नाही, असं मात्र नाही. रिकामा टेंट वाऱ्याने उचलला, तर कड्याच्या धारेवरून थेट दरीत जातो. खुंटी जात नसेल तिथे दोरी एका लांबट दगडाला गुंडाळायची आणि त्यावर दुसरा जड दगड ठेवायचा. नुसत्या दोरीवर दगड ठेवला तर दोरी घासून तुटते. वाळूत साधी खुंटी उपटून येते. तिथे जाड पिशवीत वाळू भरून, दोरी बांधून ती हातभर खोल पुरली की हलत नाही.

काठ्या फायबर ग्लासच्या किंवा ॲल्युमिनियमच्या असतात. फायबर ग्लास स्वस्त आणि जड. त्याला तडा गेला की कुसळासारखे बारीक तंतू निघतात आणि बोटात घुसतात, म्हणून तडा दिसला की आधी चिकटपट्टी गुंडाळा. ॲल्युमिनियम हलकं, ते तुटण्याआधी बरंचसं वाकतं. दोन्ही प्रकारांत एक काठी मोडली तरी रात्र निघावी, म्हणून काठीवर सरकणारी दुरुस्तीची नळी सोबत ठेवा. बऱ्याच टेंटबरोबर ती येत नाही, वेगळी मिळते आणि महाग नसते.

हवेत फेकल्यावर आपोआप उघडणारे पॉप-अप टेंट नवख्यांना फार आवडतात. गाडीने पवनेला जाणाऱ्याला ते सोयीचे आहेतच. पण घडी घातल्यावर त्यांची पाऊण मीटर व्यासाची चकती होते. ती एसटीच्या रॅकवर बसत नाही, लोकलच्या गर्दीत अडते आणि सॅकवर बांधली तर कारवीच्या झाडीत अडकत राहते. चढून जाणाऱ्याने तो घेऊ नये.

वजनाचा अंदाज हवा असेल तर दोघांचा टेंट अडीच-तीन किलोपर्यंत असावा. एकाने फ्लाय-इनर, दुसऱ्याने काठ्या-खुंट्या घेतल्या तर ते जाणवत नाही.

७. खर्च किती धरायचा

ऑनलाइन हजार-दीड हजारात मिळणारे टेंट बहुतेक एकपदरी असतात, ते घेऊ नका. साधा, दुहेरी, दोन-तीन माणसांचा टेंट साधारण तीन ते सहा हजारांत मिळतो आणि सह्याद्रीसाठी तो वर्षानुवर्षं पुरतो. ॲल्युमिनियमच्या काठ्यांचे हलके टेंट दहा हजारांच्या पुढे जातात. महिन्यातून एखादा मुक्काम होत असेल तर ते पैसे वसूल होतात.

८. दुकानात हात लावून बघायच्या गोष्टी

फ्लाय उलटा करा आणि शिवणीवर नजर फिरवा. आतून पारदर्शक पट्टी चिकटवलेली दिसली पाहिजे, सलग, फुगे न आलेली. कोपऱ्यात जिथे तीन शिवणी एकत्र येतात तिथे पट्टी उचललेली असते का ते नखाने तपासा, गळती पहिल्यांदा तिथेच होते. पट्टीच नसेल तर दुसरा टेंट बघा.

मग दाराची चेन एका हाताने, कोपऱ्यातून वळवून, चार-पाच वेळा ओढा. कापड दातात अडकत असेल तर अंधारात, घाईत ती रोज अडकणार. काठीचं टोक ज्या पट्टीत किंवा कडीत बसतं तिथली शिलाई दुहेरी आहे का बघा. दोऱ्या किती दिल्यात मोजा, चार तरी हव्यात, आणि त्यांवर ताण कमी-जास्त करायची सरकपट्टी हवी. खुंट्या हाताने वाकत असतील तर त्या बदलाव्या लागतील, हे गृहीत धरा.

ऑनलाइन मागवलात तर पार्सल आलं त्याच दिवशी उघडा. परत करण्याची मुदत थोडी असते आणि एक काठी आखूड निघाल्याचं गडावर कळून उपयोग नाही.

९. आधी गच्चीवर लावा

घरच्या गच्चीवर टेंट एकदा पूर्ण उभा करा. खुंट्यांच्या जागी पाण्याने भरलेले कॅन बांधा. काठी खोबणीतून घालताना नेहमी ढकला, ओढू नका. ओढली की आतलं इलास्टिक ताणून तुकडे सुटे होतात आणि एखादा कापडात अडकून बसतो. उभा झाला की दहा-पंधरा मिनिटं पाइपने वरून आणि बाजूंनी पाणी मारा, आत वर्तमानपत्र अंथरून ठेवा. कागदावर ओला डाग पडला त्याच्या वरची शिवण शोधा आणि तिथे शिवण बुजवायचं द्रावण लावा, किंवा टेंट परत करा.

त्यानंतर एकदा अंधार पडल्यावर, फक्त हेडटॉर्चच्या उजेडात लावून बघा. गडावर पोहोचायला उशीर होतोच.

तळाखाली अंथरायला साधी ताडपत्री चालते, पण ती तळापेक्षा सगळीकडून दोन-तीन बोटं लहान कापा. कड बाहेर राहिली तर फ्लायवरून उतरलेलं पाणी तिच्यावर साचतं आणि तुमच्या पाठीखाली येतं.

१०. मुक्कामाच्या जागी

उजेड असताना जागा बघा. ओढ्याच्या पात्रात आणि धरणाच्या पाण्याला चिकटून टेंट नको. वाळलेल्या फांदीखाली नको. कड्याला आग्या मोहोळ लटकलेलं दिसलं तर तिथून लांब जा आणि तिथे धूर करू नका. टेंटची अरुंद, बुटकी बाजू वाऱ्याकडे आणि दार वाऱ्याच्या पाठीकडे ठेवा. मे-जूनमध्ये काजवे बघायला जाणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवावं की विजेपासून टेंट वाचवत नाही. ढग गडगडू लागले की उघडं पठार सोडून गावातल्या पक्क्या घरात जायचं.

टेंटमध्ये स्टोव्ह, शेगडी, निखारे काहीही न्यायचं नाही, कितीही थंडी असो, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, रंग नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. आगीचा धोका वेगळाच, कारण हे कापड भराभर वितळतं. लहान मुलं बरोबर असतील तर हा नियम त्यांनाही आधीच समजावून सांगा.

११. घरी परतल्यावर

टेंट सकाळी दवाने ओला असतानाच गुंडाळावा लागतो, ते चालेल. पण घरी आल्यावर त्याच दिवशी तो पिशवीतून बाहेर आला पाहिजे. ओला टेंट आठवडाभर पिशवीत राहिला की बुरशीचे काळे ठिपके पडतात. ते घासून जात नाहीत, वास तर मुळीच जात नाही. कापडाच्या आतल्या बाजूला पाणी अडवणारा जो लेप असतो, तोही सततच्या ओलीने हळूहळू विघटित होतो. मग फ्लाय चिकट लागतो, आंबूस वास येतो आणि तसा टेंट पुन्हा नीट होत नाही.

आधी झटकून माती काढा. चेनच्या दातांतली वाळू जुन्या टूथब्रशने साफ करा. डाग साध्या पाण्याने आणि स्पंजने पुसा, वॉशिंग मशीनमध्ये टेंट कधीही टाकू नका. दोरीवर सावलीत किंवा पंख्याखाली वाळू द्या, तळाच्या शिवणी शेवटी वाळतात तेव्हा त्या बोटाने चाचपून बघा. मग कंपनीच्या घट्ट पिशवीत न कोंबता जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात सैलसर घडी करून ठेवा. काठ्या मधल्या जोडापासून दुमडत दोन्ही टोकांकडे जा, म्हणजे इलास्टिकवर सारखा ताण येतो. मुंबई-कोकणात राहत असाल तर पावसाळ्यात महिन्यातून एकदा अभ्र्यातून काढून तासभर वारा द्या, आणि खुंट्या मोजून परत ठेवा.